अपारच्या फॉर्मवर सही करण्याआधी

भोपाळमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नावावर आज किती नंबर आहेत, पाहा. राज्य सरकारचा कुटुंबाचा आठ अंकी समग्र आयडी, मुलाचा स्वतःचा नऊ अंकी, आधारचे बारा अंक, यूडायस या शाळांच्या माहिती प्रणालीतला पेन नंबर आणि आता शैक्षणिक नोंदी एकत्र ठेवणारा बारा अंकी ‘अपार’. शाळेतून निरोप येतो, ‘कल तक फॉर्म भरकर भेज दीजिए’, आणि आपण सही करून कागद दप्तरात सरकवतो.

तो कागद एकदा नीट वाचा. मुलाचं आधार शिक्षण मंत्रालयाला द्यायला मी स्वेच्छेने संमती देतो, असं तो आपल्याकडून वदवून घेतो. संमती केव्हाही मागे घेता येते, हेही त्यातच छापलेलं आहे. मात्र तोवर वापरली गेलेली माहिती तशीच राहते. म्हणजे विचार करायचा तो सही करण्याआधीच. अपारचा उपयोग आहे, हे मला मान्य आहे. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांना गुणपत्रिका एका जागी मिळाल्या तर हव्याच आहेत. पण स्वेच्छा म्हटल्यावर ‘नको’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला वर्गात उभं करून जाब विचारणं हा अन्याय आहे. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि मुलांच्या आधारनोंदणीला पालकांची संमती हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजीच सांगितलं आहे.

आपल्या मराठी घरांचा त्रास आणखी वेगळा. आपण मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो; इथल्या नोंदीत वडिलांचा रकाना वेगळा. मग आधारवर तीन शब्द, शाळेत दोन. ‘काळे’ हिंदी रजिस्टरात ‘काले’ होतात. शाळेतलं आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की अपार अडतं, आणि हेलपाटे पालकांच्या वाट्याला येतात. आपल्या मुलाबद्दल काय लिहून ठेवलंय, हे आपल्याला आधी कुणी दाखवलेलंच नसतं.

नोंद दुसऱ्याच्या कपाटात राहिली की काय होतं, हे या शहराने भोगलं आहे. गॅसपीडितांच्या उपचारांच्या नोंदी संगणकावर आणा, प्रत्येकाच्या हाती आरोग्य-पुस्तिका द्या, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवायला ऑगस्ट 2012 उजाडावा लागला. दुर्घटना डिसेंबर 1984 ची.

शाळेच्या बाबतीत इतकं थांबायचं कारण नाही. बोर्डाची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच मान्य केला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणं बंधनकारक केलं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले; मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुणांची आणि थकलेल्या फीची यादी नावानिशी टाकणं शाळांनी आपणहून बंद करावं. ती यादी मुलं वाचतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना चिडवतात.

पालकहो, या आठवड्यात शाळेत जा. स्कॉलर रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीतली, आपल्या मुलाची नोंद दाखवा म्हणा. नाव, जन्मतारीख, आईचं नाव ताडून पाहा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. भरलेल्या प्रत्येक संमतीपत्राची प्रतही घरी ठेवा.