कॅमेऱ्याला मूड नसतो

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांबद्दल कौतुकानं बोलणाऱ्यांचं एक वाक्य मला ऐकवत नाही: "त्याचा एक स्वभाव असतो, त्याच्या कलानं घ्यावं लागतं." जणू कॅमेरा नव्हे, लग्नात रुसून बसलेली आत्या! मी फिल्मवर फोटो काढतो, ही यंत्रं मला मनापासून आवडतात, आणि म्हणूनच सांगतो: यंत्राला स्वभाव नसतो, रचना असते. आपण जिला खोड म्हणतो ती त्या रचनेची अट असते, आणि तिला कारण असतं.

सोव्हिएत झोर्की-४ घ्या. नियम सगळ्यांना पाठ आहे: आधी फिल्म पुढे ओढून शटर ताणा, मगच वेग बदला. का, ते कोणी सांगत नाही. या कॅमेऱ्याचा मूळ पुरुष लायका. १९३३च्या लायका थ्रीमध्ये वेगाची चकती शटरबरोबरच फिरते, त्यामुळे शटर ताणल्याशिवाय तिच्यावरचा आकडा खुणेशी नीट जुळत नाही. झोर्की-४मध्ये मंद वेगही त्याच चकतीवर आणले आहेत. न ताणता ती फिरवली तर आतली यंत्रणा अडकू शकते, बिघडू शकते. यात लहरीपणा कुठे आला?

किंवा १९३६चा काँटॅक्स टू. रेंजफाइंडर दोन खिडक्यांतून एकच वस्तू पाहतो आणि दोन्ही प्रतिमा जुळवून अंतर ठरवतो. खिडक्या जितक्या लांब, तितकं मोजमाप अचूक. झाइस इकॉननं त्या जवळजवळ ९ सेंटिमीटर लांब ठेवल्या. मग दुसरी खिडकी नेमकी उजव्या हाताची बोटं टेकतात तिथे आली. बोट आडवं आलं की दुसरी प्रतिमा गायब. त्यासाठी बोटं वर उचलून धरायची जी पद्धत पडली, ती 'काँटॅक्स ग्रिप'. महायुद्धानंतर हीच रचना कीव्हला गेली आणि अडचणीसकट गेली. अचूकतेची ती किंमत होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "या अडचणींमुळेच माणूस सावकाश होतो, विचार करून फोटो काढतो." अर्धंच खरं. सावकाश करतात त्या मोजक्या ३६ फ्रेम आणि फिल्मचा खर्च. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तर काय शिकायला मिळतं? या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही, त्यामुळे झाकण असो-नसो, खिडकीतून दृश्य स्वच्छ दिसतं. डेव्हलप केल्यावर हाती कोरी फिल्म येते. ती साधना नव्हे, वाया गेलेले पैसे आहेत.

त्याहून वाईट प्रकार उन्हाचा. लायका-झोर्कीचं शटर कापडी पडद्याचं, आणि पुढे आरसा नाही. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर भिंगानं कागद जळतो तसं पडद्याला भोक पडतं. "कलानं घ्या" या सल्ल्यातून हे नवख्याला कसं कळावं?

माझ्या धंद्यात हा आजार ओळखीचा आहे. एखादं जुनं फंक्शन दुसरं चालून गेल्यावरच चालवायचं असतं, पण तसं कुठे लिहिलेलं नसतं. नवा मुलगा ते आधी चालवतो, सिस्टीम झोपते, आणि वडीलधारे हसून म्हणतात, "तो कोड जरा लहरी आहे." कोड लहरी नसतो. लिहून ठेवायचा कंटाळा असतो, आणि आपल्यालाच ठाऊक असण्याची छुपी मजाही. कॅमेऱ्याच्या 'आत्म्या'बद्दल बोलणाऱ्या जाणकारांत ती मजा मला स्पष्ट दिसते. कारण सांगितलं की गूढ संपतं, आणि गूढ संपलं की गुरूही साधा माणूस होतो.

पण या मौजेचा खर्च यंत्रांवर पडतो. झोर्की किंवा काँटॅक्स आता कोणी नव्यानं बनवत नाही. एक दुरुस्त करायला बहुधा दुसऱ्याचे भाग काढावे लागतात. म्हणजे अज्ञानानं बिघडलेला प्रत्येक कॅमेरा एकूण साठ्यातून कमी होतो.

तेव्हा जुना कॅमेरा विकणाऱ्यानं किंवा भेट देणाऱ्यानं सोबत एक चिठ्ठी द्यावी: आधी ताणा, मग वेग बदला, बोट खिडकीवरून काढा, झाकण तपासा, उन्हापासून जपा. आणि प्रत्येक ओळीपुढे 'कारण' लिहावं. नियम विसरला जातो, कारण समजलं की हात आपोआप थांबतो.