फलाट क्रमांक १७

‘या देशाला एखादा हिटलरच पाहिजे’ हे वाक्य सोलापुरात चहाच्या टपरीपासून सुशिक्षितांच्या दिवाणखान्यापर्यंत कोठेही कानी पडते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वेळेवर सुटणारी गाडी आणि लाच न खाणारा कारकून असतो. वंशद्वेष असतोच असे नाही. हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे खपत आली आहेत ती याच भाबडेपणावर. त्याला गॅस-कोठड्यांच्या वर्णनाने उत्तर देता येत नाही. त्या कोठड्या दूर पोलंडमध्ये होत्या, आणि तेथील कृत्ये राक्षसांची म्हणून सहज बाजूला सारता येतात. खरे उत्तर त्या वेळेवर सुटणाऱ्या गाडीपाशीच मिळते.

बर्लिनच्या पश्चिम भागात ग्रुनेवाल्ड हे साधे उपनगरी स्थानक आहे. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ज्यू नागरिकांना घेऊन पहिली गाडी येथून पोलंडमधील लोद्झकडे सुटली. पुढे रिगा, टेरेझिनश्टाट आणि ऑश्विट्झकडे गाड्या जात राहिल्या. एकट्या बर्लिनमधून ५० हजारांहून अधिक ज्यू असे पाठविले गेले. जानेवारी १९९८ मध्ये येथील १७ क्रमांकाच्या फलाटाला स्मारकाचे रूप देण्यात आले. फलाटाच्या कडेला १८६ पोलादी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कोठे गेली ते ठिकाण. रुळांमध्ये उगवलेली झाडे मुद्दाम राखली आहेत. या मार्गावरून पुन्हा गाडी सुटू नये हा त्यामागील अर्थ. अखेरची तारीख मार्च १९४५ मधील आहे. पराभव दारात येऊन ठेपला होता, तरीही वेळापत्रक चुकले नाही.

या वेळापत्रकामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जर्मन रेल्वेने या माणसांना फुकट नेले नाही. तिसऱ्या वर्गाचे भाडे, दर किलोमीटरला ४ फेनिग, या दराने आकारणी होई. १० वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, ४ वर्षांखालील मुलांना माफी. एका गाडीत ४०० हून अधिक माणसे असतील तर सामुदायिक प्रवासाची निम्म्या दराची सवलत. पहारेकऱ्यांसाठी जाण्यायेण्याचे भाडे, कैद्यांसाठी फक्त जाण्याचे. हा खर्च अनेकदा बळींच्याच जप्त केलेल्या मालमत्तेतून भागविला जाई. ६० लाख ज्यूंचा संहार द्वेषावाचून झाला नसता हे खरेच; परंतु केवळ द्वेषानेही तो झाला नसता. दर ठरविणारा, डबे जोडणारा, नोंदवहीत आकडे लिहिणारा कर्मचारी त्याला लागला. शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही शिस्त कोणाच्या कामी आली ते पाहावे.

कामगार चळवळीलाही या फलाटावर उत्तर द्यावे लागते. फेब्रुवारी १९४१ मध्ये नाझींनी ॲमस्टरडॅममध्ये ४०० हून अधिक ज्यू तरुणांना पकडून नेले. त्याविरुद्ध बेकायदा ठरलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून २५ फेब्रुवारी रोजी ट्राम कर्मचारी, गोदी कामगार आणि पाठोपाठ जवळजवळ सारे शहर संपावर गेले. दोन दिवसांत तो संप चिरडला गेला. ज्या चौकातून तरुणांना पकडले तेथे आज गोदी कामगाराचा पुतळा उभा आहे. ही अभिमानाची बाजू झाली. दुसरी बाजू अशी की त्यानंतर त्याच देशातील वेस्टरबोर्क छावणीतून जुलै १९४२ पासून गाड्या सुटू लागल्या आणि नेदरलँड्समधून १ लाखाहून अधिक ज्यू नेले गेले. वेस्टरबोर्कहून अखेरची गाडी १३ सप्टेंबर १९४४ रोजी निघाली. डच रेल्वे कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला तो १७ सप्टेंबरला, आणि तोही दोस्त सैन्याच्या मदतीसाठी. या चार दिवसांच्या अंतराचा विचार संघटित कामगाराने शांतपणे केला पाहिजे.

तार, हजेरी आणि नोंदवही ही साधने सोलापूरला अपरिचित नाहीत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात लागू झाला आणि कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली गेली. मुलाच्या जन्माबरोबर गुन्हाही जन्मास येतो, हे त्या कायद्याचे तत्त्वज्ञान होते. ठरल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पडण्यास बंदी. आणि या बंदिस्त मनुष्यबळाचा उपयोग शहरातील गिरण्यांना झाला. देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सेटलमेंट आणि मृत्युछावणी यांना एका तराजूत घालणे असत्य ठरेल. एकीचा हेतू माणसाला जखडून राबविण्याचा होता, दुसरीचा एक समाज पृथ्वीवरून नाहीसा करण्याचा. तथापि माणूस काय करतो यावरून नव्हे, तर तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याची यादी करायची, ही पहिली पायरी दोन्हीकडे एकच आहे. यादी तयार झाली की पुढे काय करायचे ते सत्तेच्या मर्जीवर राहते.

स्मरणाच्या बाबतीत डाव्या चळवळीनेही स्वतःचा हिशेब तपासला पाहिजे. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. १९७६ साली तेथे उभारलेल्या स्मारकाने ‘सोव्हिएत नागरिकां’ना अभिवादन केले, ज्यू हा शब्द त्यावर नव्हता. मेलेल्यांत कामगार होते, दुकानदार होते, देवभोळे होते, नास्तिक होते. परंतु मारले गेले ते ज्यू म्हणून. बळीचे नाव पुसणे म्हणजे वर्गविचार नव्हे. पारध्याला केवळ ‘कष्टकरी’ म्हणून मोजायचे आणि त्याच्या कपाळी मारलेला जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का विसरायचा, ही त्याच चुकीची सोलापुरी आवृत्ती होय.

काही कार्यकर्ते या स्मरणापासून दूर राहतात, कारण पॅलेस्टिनी जनतेवर इस्रायल सरकारने केलेला अन्याय त्यांना सलतो. तो सलावाच. पण मृत ज्यूंची स्मृती ही कोणत्याही सरकारची मालमत्ता नव्हे. महाराष्ट्राला तर ज्यू परकेही नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल कोकणात शतकानुशतके मराठी बोलत नांदले. शेजाऱ्याचा धर्म वेगळा असला म्हणून त्याची यादी करावी लागत नाही, याचा पुरावा रायगडच्या गावोगावी आहे.

ऑश्विट्झच्या मुक्तीचा दिवस २७ जानेवारी, आणि विमुक्त दिन ३१ ऑगस्ट. या दोन्ही दिवशी शाखांनी अभ्यासमंडळे घ्यावीत. दुसऱ्या दिवशी ती सेटलमेंट फ्री कॉलनीतच, तेथील वडीलधाऱ्यांना बोलते करून घ्यावीत. आणि ‘हिटलरच पाहिजे’ असे पुन्हा कोणी म्हणाले तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याला तीन प्रश्न विचारावेत : त्या वेळेवर सुटणाऱ्या गाडीत कोण बसले होते, त्यांच्या तिकिटाचे पैसे कोणी भरले, आणि ती गाडी हाकली कोणी?