बॅग उघडू नकोस!



परवा पुतण्याच्या मुलीचा फोन आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. "आजोबा, मला कलेक्टर व्हायचंय." आनंद झाला, पण तोंडून निघून गेलं, "हो बाई, पण प्रत्येक गावी बॅग पूर्ण उघडू नकोस!" घरचे रागावले. म्हणून हा खुलासा.

१९९३ साली मी लातूर जिल्ह्यात मास्तर होतो. गणपती विसर्जन करून गावं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३.५६ ला किल्लारी परिसर हादरला. आमच्याकडची माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती. त्यांनीच माणसं गाडली. तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी होते प्रवीणसिंह परदेशी. पुढे लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. अशा कामातलं शिक्षण कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. परदेशींनी पुढे संयुक्त राष्ट्रांतही आपत्तीविषयक काम केलं. मे २०१९ मध्ये ते मुंबई महापालिकेचे आयुक्त झाले. आणि मे २०२० मध्ये, करोना ऐन भरात असताना, त्यांची बदली!

कुणी म्हणेल, नंतर आलेल्या चहल साहेबांनीही चांगलं काम केलं. केलं ना. पण म्हणून भरल्या पुरात नावाडी बदलायचा?

गंमत पाहा. २००५ चेच दोन कायदे आहेत. केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष केलं. राज्याच्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षं एका पदावर, असं ठरवलं. मधेच हलवायचं तर विशेष कारण लेखी नोंदवायचं. आणि २००५ च्याच तुकडीच्या तुकाराम मुंढे यांच्या बदल्या वीसच्या वर! वर्गात एखादा मुलगा रोज गैरहजर राहून रोज चिठ्ठी आणू लागला, तर आम्ही त्याला अपवाद म्हणत नसू, बापाला बोलावत असू.

शिक्षणात तर हे दिसतही नाही, कारण तिथे भिंत पडत नाही. एका साहेबांनी आमच्याकडून वाचता न येणाऱ्या चौथीच्या मुलांची नावानिशी यादी करून घेतली. दर शनिवारी स्वतः येऊन वाचून घेत. आठव्या महिन्यात त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, नवी रजिस्टरं आली. यादीतली मुलं सातवीत गेली, यादी कपाटातच राहिली. मीही ती बाहेर काढली नाही, हा माझा दोष.

बदली ही अधिकाऱ्याला शिक्षा, असं आपण समजतो. अधिकाऱ्याला बंगला सगळीकडे मिळतो हो. शिक्षा होते ती मागे राहिलेल्या गावाला. आपण मात्र निरोपसमारंभाला हार घालून मोकळे होतो. पुढच्या वेळी हार नेण्याआधी ते लेखी कारण मागा. माहितीचा अधिकारही २००५ चाच आहे.

आणि पोरी, तू अभ्यास कर. बॅग मात्र पूर्ण उघड. बाकीचं आम्ही म्हातारे बघतो.