सत्यवचनी सेनापतीचे गुलाम

प्राथमिक शाळेत असताना गुरुजींनी सांगितलेली एक गोष्ट माझ्याप्रमाणे अनेकांच्या मनात घर करून बसली असेल. छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनला कोणीतरी नवी कोरी कुऱ्हाड देते. त्या उत्साहाच्या भरात तो वडिलांचे लाडके चेरीचे झाड तोडून टाकतो आणि वडिलांनी विचारल्यावर न घाबरता गुन्हा कबूल करतो. वडील त्याला पोटाशी धरतात. खरे बोलणारा हा मुलगा पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष होतो. आम्ही चेरी पाहिली नव्हती आणि अमेरिकाही पाहिली नव्हती; पण खोटे बोलायचे नाही, एवढे मात्र त्या दिवशी मनावर ठसले.

पुढे कळले, की ही गोष्टच मुळी रचलेली! पार्सन वीम्स नावाच्या चरित्रकाराने ती १८०६ साली आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत घातली. तोवर वॉशिंग्टनला जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. थोर माणसांच्या बालपणी अशा गोष्टी चिकटवण्याची हौस सगळ्याच देशांत असते, म्हणून ते सोडून देऊ. मात्र त्याच बालपणातली एक खरी गोष्ट कोणी आपल्याला सांगितली नाही. १७४३ साली वॉशिंग्टनचे वडील वारले, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वारशात त्याच्या वाट्याला जमीन आली आणि तिच्यासोबत दहा माणसे आली. अकरा वर्षांचा मुलगा दहा माणसांचा मालक झाला.

वॉशिंग्टनला मोडीत काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याचे मोठेपण खरे होते. उपाशी, अनवाणी सैन्य हाताशी धरून त्याने आठ वर्षे ब्रिटिश साम्राज्याशी झुंज दिली. युद्ध संपत आले असताना, १७८३च्या मार्चमध्ये, पगार थकलेले अधिकारी बंडाच्या बेतात होते. त्यांना त्याने शब्दाच्या बळावर आवरले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला त्याने सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या हाती दिला आणि तो आपल्या घरी, माउंट व्हर्ननला परतला. विजयी सेनापतीने आपण होऊन तलवार खाली ठेवावी, हे जगाच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही. सत्तेचा मोह जिंकलेल्या माणसाला गुलामांच्या फुकट श्रमांचा मोह मात्र जन्मभर का सुटला नाही, हा प्रश्न म्हणूनच अधिक टोचतो.

या युद्धाकडे गुलामांच्या बाजूने पाहिले, की सारे चित्र उलटेपालटे होते. १७७५च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नर डनमोरने जाहीरनामा काढला, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. यात माणुसकीपेक्षा युद्धाचा डावपेच अधिक होता. पण बेडीतल्या माणसाने कुलूप कोणी उघडले याची चौकशी किती करावी? शेकडो लोक पळून त्याला मिळाले. इकडे वॉशिंग्टनने त्याच महिन्यात आपल्या सैन्यात काळ्यांची भरती बंद केली होती. बंकर हिलच्या लढाईत काळे सैनिक लढून गेले असतानाही! डिसेंबरअखेर गरजेपोटी त्याला निदान स्वतंत्र काळ्यांसाठी दार उघडावे लागले. १७७८मध्ये ऱ्होड आयलंडने तर गुलामांनाच मुक्तीचे वचन देऊन पलटण उभी केली. दोन्ही बाजूंना गुलामाचे स्वातंत्र्य आठवले ते शिपाई कमी पडले तेव्हा.

१७८१च्या एप्रिलमधला प्रसंग पाहा. ब्रिटिशांचे एक जहाज पोटोमॅक नदीतून माउंट व्हर्ननपाशी आले. वॉशिंग्टनचे सतरा गुलाम त्यावर चढून गेले. इस्टेटीचा कारभार पाहणारा त्याचा भाऊबंद लंड वॉशिंग्टन शिधासामग्री घेऊन जहाजावर गेला, गुलाम परत द्या म्हणून विनवू लागला. हे कळताच सेनापती संतापला. शत्रूला रसद देण्यापेक्षा घर जळाले असते तरी चालले असते, असे त्याने लंडला कळवले. केवढा हा स्वाभिमान! पण ज्या गोष्टीसाठी आपण सहा वर्षे लढतो आहोत, तीच शोधायला ही सतरा माणसे निघाली होती, हा विचार त्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही. ऑक्टोबरात यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिस शरण आला. पुढे गव्हर्नर जनरल म्हणून आपल्याकडे आला, तोच हा कॉर्नवॉलिस. त्या विजयानंतर सतरांपैकी काही जण पुन्हा पकडून माउंट व्हर्ननला आणले गेले. देश स्वतंत्र झाला, त्यांची मात्र धरपकड झाली.

१७८३च्या मे महिन्यात वॉशिंग्टन ब्रिटिश सेनापती कार्लटनला भेटला आणि पळालेले गुलाम परत मागितले. ज्यांना मुक्तीचे वचन दिले त्यांना परत देणार नाही, असे कार्लटनने बजावले. न्यूयॉर्कहून जहाजाने गेलेल्या सुमारे तीन हजार काळ्यांची नोंदवही ब्रिटिशांनी केली. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टन असे एक नाव आहे. हा माउंट व्हर्ननहून पळालेला गुलाम. आडनाव मालकाचे, पाय स्वतःचे! तो आधी नोव्हा स्कॉशियाला गेला, तिथून आफ्रिकेत सिएरा लिओनला. १८०० साली तिथल्या कंपनीच्या कारभाराविरुद्ध उठाव झाला, त्यातही हॅरी होता. स्वातंत्र्याचा धडा मालकापेक्षा चाकरानेच पुरता गिरवला म्हणायचे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: तो काळच तसा होता, आजचे माप त्यांना लावू नका. मलाही पूर्वी हे पटत असे. पण काळ म्हणजे कोण? गुलामही त्याच काळातले होते आणि त्यांना गुलामी चुकीची आहे हे कोणी शिकवावे लागले नाही. वॉशिंग्टनच्या तरुण सहकाऱ्यांपैकी जॉन लॉरेन्स साउथ कॅरोलिनात गुलामांच्या पलटणी उभारून त्यांना मुक्त करा म्हणून झगडत होता. लाफायेतने १७८३मध्ये गुलाममुक्तीचा प्रयोग मिळून करू, असे वॉशिंग्टनला सुचवले होते. व्हर्जिनियात १७८२पासून मालकाला गुलाम मुक्त करण्याची कायद्याने मुभा होती. त्याच व्हर्जिनियातल्या रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराने १७९१मध्ये सुमारे पाचशे गुलामांच्या मुक्तीचा दस्तऐवज केला. काळ तोच, प्रांत तोच. निर्णय मात्र वेगळा.

आणि १७९१ सालीच अध्यक्ष वॉशिंग्टन काय करीत होता? राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला, तर मुक्तीचा हक्क सांगू शके. म्हणून मुदत भरण्याआधी गुलामांना प्रांताबाहेर फिरवून आणण्याची व्यवस्था झाली. गुलामांना आणि लोकांना खरे कारण कळू नये, अशा निमित्ताने हे करावे, असे त्याने चिटणिसाला लिहिले. चेरीच्या झाडाची गोष्ट इथे आठवते आणि हसू येत नाही.

१७९६च्या मे महिन्यात त्या घरातून ओना जज ही तरुणी घरची मंडळी जेवायला बसली असताना निघून गेली. मालकिणीच्या नातीला आपण आहेर म्हणून दिले जाणार, हे तिला कळले होते. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. ती आली नाही. तिने गरिबीत दिवस काढले, तिच्या डोळ्यांदेखत मुले गेली. म्हातारपणी कोणी विचारले, पस्तावा होतो का? नाही, असेच तिने सांगितले. १८४८मध्ये ती वारली, कायद्याच्या लेखी गुलाम म्हणूनच.

१७९९च्या मृत्युपत्रात वॉशिंग्टनने स्वतःच्या १२३ गुलामांच्या मुक्तीची तजवीज केली. जेफर्सनसारख्यांनी तेवढेही केले नाही, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण विल्यम ली या जुन्या सेवकाखेरीज इतरांची मुक्ती पत्नीच्या मृत्यूपर्यंत लांबवलेली होती. तिनेच ती १८०१च्या आरंभी देऊन टाकली. तिच्या पहिल्या सासरकडून आलेले दीडशेच्या वर लोक मात्र वारसांमध्ये वाटले गेले. सोयीचे होईल तेव्हा न्याय करू म्हणणाऱ्याला बहुधा मृत्युपत्रच गाठावे लागते.

महात्मा फुले यांनी तरुणपणी वॉशिंग्टनचे चरित्र वाचले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. पुण्यात बसून अमेरिकेच्या इतिहासातले नेमके काय उचलायचे, हे त्यांना कळले होते. आपण मात्र अजून थोर पुरुषांना एक तर देव्हाऱ्यात बसवतो, नाही तर रस्त्यावर ओढतो. त्यांच्या घरात राबणाऱ्यांना काय वाटत होते, हे विचारायचे राहून जाते.

घरातल्या मुलांना वॉशिंग्टनची गोष्ट जरूर सांगावी. मीही सांगतो. राजीनाम्याची सांगतो, आणि त्याच बैठकीत, जेवणाच्या वेळी दाराबाहेर पडलेल्या ओनाचीही सांगतो. मुले दुसऱ्या गोष्टीला जास्त प्रश्न विचारतात.