बेटी डेव्हिसचा विनोद कुणाला झोंबला?

अमेरिकन गायिका बेटी डेव्हिस हिचा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. नावही 'बेटी डेव्हिस'च. त्याच्यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. तो अश्लील आहे, तिला गाता येत नव्हतं, आणि जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची बायको नसती तर तिला कुणी विचारलंही नसतं.

शेवटचा आक्षेप आधी निकालात काढू. माइल्सशी तिचं लग्न १९६८ चं आणि ते जेमतेम वर्षभर टिकलं. चेंबर्स ब्रदर्स या बँडने गायलेलं 'अपटाउन' हे तिचं गाणं त्याआधीचं, १९६७ चं. उलट रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि फंक गायक स्लाय स्टोन यांच्या संगीताची गोडी माइल्सला लावण्यात तिचाच मोठा वाटा होता. हिशेब करायचाच तर देणं माइल्सकडे निघतं. आणि अल्बममधली आठही गाणी तिनेच लिहिलेली आहेत.

गाता येत नव्हतं, असं म्हणणारे गोड, घोटीव सूर शोधतात. तो इथे नाही, हे खरंच. पण निर्माता आणि ड्रमर ग्रेग एरिको, बासवर लॅरी ग्रॅहम, दोघेही स्लायच्या बँडमधले. त्यांनी उभ्या केलेल्या ठेक्यावर गोडवा टिकला असता का? बेटी गुरगुरते, खाकरते, किंचाळते, शब्द मध्येच तोडते. तिचा आवाज तालवाद्यासारखा वाजतो, आणि फंक या ठेकाप्रधान संगीताला तेच हवं असतं.

उरला अश्लीलतेचा आरोप. 'इफ आय अ‍ॅम इन लक आय माइट गेट पिक्ड अप' या गाण्यातली बाई नटूनथटून बाहेर पडते आणि आज कुणीतरी गळाला लागावा, असं उघड सांगते. काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीनेही आक्षेप घेतला. त्या संघटनेची धास्ती निराधार नव्हती. कृष्णवर्णीय स्त्रीला भोगवस्तू ठरवण्याचा इतिहास अमेरिकेत फार जुना आहे. पण त्यावर उतारा म्हणून तिलाच गप्प बसवणं हा कुठला न्याय? ब्लूज गायक मडी वॉटर्सने १९५४ मध्ये 'हूची कूची मॅन' म्हणून मिशीला पीळ दिला, जेम्स ब्राउनचं 'सेक्स मशीन' १९७० मध्ये गाजलं. ती मर्दानगी ठरली. तीच फुशारकी बाईने मारली की असभ्यता!

मुख्य म्हणजे या आक्षेपकांना तिचा विनोद ऐकूच आला नाही. 'अँटी लव्ह साँग' ऐका. प्रेमात पडायला नकार देणारी ही बाई आधी त्या पुरुषाच्या मोहिनीची कबुली देते. तो सुखावतो आहे असं वाटेपर्यंत, तुझीही माझ्यापुढे हीच गत होईल, असं त्याला सुनावते. हा चावटपणा तिने शोधलेला नाही. मा रेनी आणि बेसी स्मिथ यांनी १९२० च्या दशकातच द्व्यर्थी ब्लूज गाऊन पुरुषांची रेवडी उडवली होती. बेटीने ती परंपरा विजेच्या गिटारवर चढवली आणि आडपडदा काढून टाकला.

अल्बम तेव्हा फारसा खपला नाही, हे मान्य. पण २००७ मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला आणि २०२२ मध्ये बेटी गेली तेव्हा तिला फंकची अग्रणी म्हणूनच गौरवलं गेलं. खप हा कलेचा निकाल नसतो. स्वतःच्या इच्छेवर स्वतःच हसू शकणारी बाई ऐकायची तयारी १९७३ च्या श्रोत्यांची नव्हती. उणीव त्यांच्यात होती, अल्बममध्ये नव्हे.