कौसल्यामातेचे वस्त्र आणि आमचे डोहाळेजेवण

चैत्र शुद्ध नवमीचा मध्याह्न समीप आला, की राममंदिराच्या सभामंडपात पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. पाळणा फुलांनी सजलेला असतो, सुंठवड्याची तबके झाकून ठेवलेली असतात, आणि बाराच्या ठोक्याला बुवांनी कथा नेमकी जन्मकाळापाशी आणून पोचवावी, अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकाकडून प्रभू रामचंद्रांनी ही सेवा ४० वर्षे करवून घेतली. उत्तररंगात कौसल्यामातेच्या डोहाळ्यांचा प्रसंग आला, की मी तिला हिरवागार शालू नेसवीत असे, हातांत हिरवा चुडा भरीत असे आणि नाकात पाणीदार मोत्यांची नथ घालीत असे. समोर बसलेल्या माताभगिनींचे डोळे पाणावत. कीर्तनकाराला याहून अधिक काय हवे? हे वर्णन आपण कोठून घेतले, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला तो घरातल्या एका प्रसंगाने. आणि त्या प्रसंगात दोष माझा होता, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या सुनेचे डोहाळेजेवण होते. सातवा महिना, वैशाखाचे ऊन. बाजारातून आणलेली, तयार शिवलेली जरीची नऊवारी तिला घातली होती. वर घट्ट चोळी, कमरेला कमरपट्टा, गळ्यात चार पदरी माळा, नाकात नथ. तिने सकाळीच भीत भीत म्हटले होते, “बाबा, साधे सुती पातळ नेसले तर चालेल का?” मी माजघरातल्या सर्वांदेखत उत्तर दिले, “मुली, हा आपला सनातन वेष आहे. कौसल्यामातेनेही हाच ल्यायला होता. दोन घटका सोसावे.” बिचारी सोसत राहिली. कधी चंद्रकोरीवर बसवून, कधी धनुष्यबाण हाती देऊन तिची छायाचित्रे घेणे चालले होते. दोन घटकांच्या पाच घटका झाल्या आणि तिला घेरी आली. सौभाग्यवतींनी धावत जाऊन कमरपट्टा सोडला, तेव्हा पोटाखाली त्याचा लालभडक वळ उमटला होता. डॉक्टरीणबाईंनी येऊन तपासले. ईश्वरकृपेने बाळ सुखरूप होते. पण त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या शब्दाच्या बळावर मी त्या लेकराचे तोंड बंद केले, तो ‘सनातन’ शब्द मी कोणत्या आधारावर उच्चारला होता?

दुसऱ्या दिवशी पोथ्या काढून बसलो. वाल्मीकींनी बालकांडात पायसदानानंतर सहा ऋतू लोटल्याचे, बाराव्या महिन्यात चैत्र नवमीला कौसल्येच्या उदरी श्रीराम जन्मल्याचे सांगितले आहे; तिच्या गर्भिणीवेषाविषयी तेथे अवाक्षर नाही. तिच्या वस्त्राचा उल्लेख येतो तो अयोध्याकांडात. वनवासाची वार्ता घेऊन श्रीराम मातेच्या महालात जातात, तेव्हा ती व्रतस्थ माउली अग्नीत आहुती देत आहे आणि तिच्या अंगावर शुभ्र क्षौम आहे. क्षौम म्हणजे मूळचे क्षुमेच्या, अर्थात जवसाच्या, धाग्याचे तलम वस्त्र. पुढे हा शब्द रेशमी वस्त्रालाही लावला गेला. ज्या कौसल्येला मी ४० वर्षे हिरवा शालू नेसवला, तिला आदिकवीने पांढरे वस्त्र नेसवले आहे!

त्याच कांडात सीतामाईचा प्रसंग आहे. कैकेयीने दिलेली वल्कले कशी नेसावी हे त्या राजकन्येला कळत नाही. एक गळ्याशी धरून आणि दुसरे हाती घेऊन ती लज्जित उभी राहते, आणि श्रीराम स्वतः पुढे होऊन तिच्या रेशमी वस्त्रावरच ते बांधून देतात. हा करुण प्रसंग मी शेकडो वेळा रंगविला. परंतु त्यात वेषाचा पुरावा आहे हे ध्यानी आले नव्हते. वस्त्रे दोन होती: एक कमरेला वेढण्याचे, एक वर घेण्याचे. अधोवस्त्राच्या गाठीला संस्कृतात ‘नीवी’ म्हणतात, वरच्या वस्त्राला ‘उत्तरीय’. प्राचीन शिल्पांतून आणि अजिंठ्याच्या भिंतींवर हेच दिसते. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मायादेवीचे स्वप्न आणि बुद्धजन्म रंगविला आहे. तेथील राजस्त्रियांच्या मस्तकी, गळ्यात, दंडावर अलंकारांची रेलचेल आहे. नाकात मात्र काही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला आणि प्राचीन संस्कृत वाङ्मयात या अलंकाराचा मागमूस नाही, हे दाखवून दिले. डॉ. मोतीचंद्र यांचा ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हा हिंदी ग्रंथ १९५० सालचा, आणि डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेषावरील इंग्रजी ग्रंथ १९५१ सालचा. एवढी सामग्री हाताशी असता आम्ही कीर्तनकार ती उघडून पाहत नाही, हा आमचा आळस होय.

मग आमच्या डोळ्यांसमोरची कौसल्या आली कोठून? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तेथील रंगीत देवदेवता घरोघरच्या देवघरांत पोचल्या. रंगभूमीवर १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकात बालगंधर्वांची रुक्मिणी मराठमोळ्या साजात अवतरली. पुढे चित्रपट आले, आणि १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, तेव्हा लोकांनी संचापुढे उदबत्ती लावली. या सर्वांनी भक्ती वाढवली, त्यांचे ऋण मोठे आहे. भक्त आपल्या देवाला आपलाच पोशाख चढवतो, यात पापही नाही. गौरीला आपण आपल्या घरचे पातळ नेसवतोच की! चूक घडते ती पुढच्या पायरीवर: आपण नेसवलेल्या वस्त्राला आपण अनादी ठरवतो आणि त्या अनादित्वाचा भार एखाद्या जिवंत गर्भिणीच्या कमरेवर आवळतो.

शास्त्राने गर्भिणीसाठी खरोखर काय सांगितले आहे, तेही पाहू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दहाव्या अध्यायाच्या प्रारंभीच सांगितले आहे, की गर्भिणीने पहिल्या दिवसापासून प्रसन्न असावे, शुचिर्भूत व अलंकृत राहावे आणि पांढरी वस्त्रे परिधान करावी. चरकसंहितेत वृद्धांचे मत म्हणून दिले आहे, की रक्षणार्थ तिने तांबडी वस्त्रे वापरू नयेत. सीमंतोन्नयन संस्कारात, जो आमच्या डोहाळेजेवणाचा शास्त्रोक्त पूर्वज म्हणावा, पती साळिंदराच्या तीन ठिकाणी पांढऱ्या असलेल्या काट्याने आणि कोवळ्या उंबरफळांच्या घोसाने पत्नीचा भांग स्वतः पाडतो. आश्वलायन गृह्यसूत्रात त्या वेळी वीणेवर गायन करविण्यास सांगितले आहे. भांग, फळे आणि गाणे, एवढा तो सोहळा.

आणि कालिदास? रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात रामप्रभूंच्या पूर्वजांची माता, राणी सुदक्षिणा, गर्भवती आहे. चक्रवर्ती दिलीपाची ती पट्टराणी. तिला अलंकारांची काय वाण? तरीही कवी म्हणतो, की शरीराला ग्लानी आल्यामुळे तिने मोजकेच अलंकार ठेवले होते. मुख लोध्रपुष्पासारखे फिकट झाले होते. पहाटेच्या विरळ ताऱ्यांच्या रात्रीसारखी ती दिसत होती. दागिने उतरवून ठेवलेली राणी महाकवीला सुंदर दिसली. आम्ही मात्र आमच्या सुनेला दागिन्यांखाली घामाघूम केले.

येथे सुज्ञ वाचक विचारतील, “बुवा, मग गर्भिणीला पांढरे नेसवू म्हणता की काय?” नाही. शारदेचे वस्त्र शुभ्र असले, तरी आपल्याकडे स्त्रीच्या पांढऱ्या वस्त्राला मधल्या काळात वैधव्याचा अर्थ चिकटला, आणि तो अर्थ आजही मनाला बोचतो. उलट हिरवा रंग लोकमानसाने पावसाळ्यानंतरच्या भरल्या शेतावरून उचलला. चुडा, खण, ओटी या सर्वांत तो पाझरला. शास्त्रापेक्षा रूढी बलवत्तर म्हणतात ते उगाच नव्हे. हिरवे खुशाल नेसवावे. परंतु ही लोकरीत आहे, गोड आहे, आपल्या आयाबायांनी घडवलेली आहे, असे म्हणावे. आयाबायांनी घडवलेली रीत पुढच्या आयाबायांच्या सोयीने थोडी वळते, वाकते. तिला वेदवाक्य म्हटले, की मग कोणी तोंड उघडावयाचे नाही.

आता मुख्य गोष्ट. गर्भिणीसाठी वेगळा पोशाख शिवावा, ही गरज आपल्या पूर्वजांना फारशी का भासली नसेल? कारण तिचे रोजचे वस्त्र तिच्याबरोबर वाढत होते. सुनेला घेरी आली त्या दिवशी सौभाग्यवतींनी ट्रंकेतून माझ्या कैलासवासी मातोश्रींचे जुने लुगडे काढले; असंख्य धुण्यांनी ते सायीसारखे मऊ झाले होते. कमरेची गाठ पोटाखाली सैल मारली, निऱ्या चार कमी घेतल्या, कासोटा ढिला सोडला. पाच मिनिटांत मुलीच्या चेहऱ्यावर रंग परतला. पोट वाढेल तशी गाठ खाली सरकवावी. बाळंतपणानंतर तेच लुगडे पुन्हा वर आवळून नेसावे. जुने झाल्यावर त्याचीच बाळाला दुपटी करावी. पुढे गाठ मारावयाची खणाची चोळी अंग भरेल तशी सैल होते आणि बाळाला पाजताना सोयीची पडते. आज त्याच लुगड्याचे निऱ्या टाचलेले, कमर ठरलेले शिवीव रूप बाजारात मिळते. घाईच्या दिवशी ते उपयोगी आहे, हे मान्य. पण गर्भिणीला जे हवे तेच त्यातून निघून गेले आहे. बाह्य रूप राहिले आणि प्रयोजन गळाले.

हे सर्व आज लिहिण्यास निमित्त घडले आहे. आमच्या क्षेत्रातील काही शिकलेल्या मुली यंदाच्या रामजन्मोत्सवात कौसल्येचा प्रवेश सादर करणार आहेत. त्यांनी शिल्पांची छायाचित्रे जमवली, पोथ्यांतील उल्लेख माझ्याकडून लावून घेतले, हातमागाचे पांढरे सुती वस्त्र आणले आणि नीवी कशी बांधावी याचा अनेक दिवस सराव केला. खांद्यावरून शालीनतेने घेतलेले उत्तरीय, फुलांचे अलंकार, आणि नाकात काही नाही. काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. नथ नाही तर ती कौसल्या कसली, असे ते म्हणाले. मी त्या मुलींच्या बाजूने उभा आहे. दगडी मंदिराला तैलरंग फासला, की तो खरवडून मूळ पाषाण उघडा करणाऱ्याला आपण धर्मद्रोही म्हणत नाही. तो जीर्णोद्धारच असतो. मात्र मुलींनाही मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, वाल्मीकींनी जेवढे सांगितले तेवढेच ठामपणे सांगा. उरलेले आपल्या अभ्यासाचे अनुमान आहे, असे प्रेक्षकांना नम्रपणे कळवा. दुसरी, आजीच्या लुगड्याला आणि नथीला हसू नका. ते कौसल्येचे नसेल, पण आपल्या आजीचे आहे, आणि आजीही आपल्याला मातृस्थानीच आहे.

असा निवाडा देताना मला स्वतःकडेही पाहावे लागले. माझ्या अंगावरची बाराबंदी आणि मस्तकावरची पगडी नारदमुनींची खचितच नव्हे! ती मी उतरवणार नाही. गुरूंनी दिलेला तो वेष आहे. परंतु यंदा जन्मकाळाच्या निरूपणात कौसल्यामाता शुभ्र क्षौमात उभी राहील, आणि तसे का, हे मी श्रोत्यांना सांगेन.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून एवढेच मागणे आहे. डोहाळेजेवण अवश्य करावे. ‘डोहाळे’ या शब्दामागे संस्कृतातला ‘दौहृद’ आहे: एक हृदय आईचे, एक बाळाचे. सुश्रुताचार्यांनी या दोन हृदयांच्या स्त्रीची इच्छा अव्हेरू नये, असे बजावले आहे. आणि कालिदासाचा दिलीप राजा काय करतो? लाजेमुळे राणी आपली इच्छा सांगत नाही, म्हणून तो तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारीत राहतो. एवढा सम्राट, पण विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. माझ्या सुनेने तर आपण होऊन सांगितले होते, आणि मी ऐकले नाही.

तेव्हा ओटी भरण्यापूर्वी तिला विचारावे: बाळे, काय नेसशील? ती म्हणेल ते मऊ वस्त्र नेसवावे, गाठ सैल मारावी, जड दागिन्यांच्या जागी मोगऱ्याची वाडी घालावी, बसावयास पाट आणि टेकावयास लोड द्यावा. तो नातू आता दोन वर्षांचा होऊन गेला आहे. नवमीला पाळण्याची दोरी ओढावयास तो माझ्या मांडीवर असेल, आणि त्याची आई मंडपात पहिल्या रांगेत, स्वतःच्या आवडीच्या सुती पातळात. जय जय रघुवीर समर्थ!