न समजलेल्या कागदावरील सही

आमचा पुतण्या राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची पदवी घेऊन पुढील अभ्यासासाठीं जर्मनींत, श्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठांत गेला आहे. गेल्या महिन्यांत त्यानें फोनवर एक चौदा पानी कागद पाठविला. तो भाड्याच्या घराचा करारनामा होता आणि भाषा अर्थातच जर्मन. "काका, सगळेच न वाचतां सही करतात. मीही उद्यां करतों. अनामतीचे २१०० युरो तेवढे पाठवा," असा सोबत निरोप.

घरांत जो तो आपल्या शिलकेंतून भर घालण्यास सिद्ध झाला. थोरल्या वहिनींनीं तर मुदतठेवीची पावती मोडण्यासाठीं काढूनही ठेविली. परंतु आम्हीं त्यास थांबविलें. कारण सांगण्यास लाज वाटते, तरी सांगतों.

सन १९९६ मध्यें मुलीच्या शिक्षणासाठीं आम्हीं पुण्यास दोन खोल्या घेतल्या. करारनामा इंग्रजी, तोही वकिली इंग्रजी. जन्मभर आम्हीं विद्यार्थ्यांस 'न समजल्यास विचारा' असें सांगितलें. त्या दिवशीं मात्र 'मास्तर असून यांना इंग्रजी कळत नाहीं' असें घरमालकास वाटेल, या भीतीनें चष्मा लावून पानें उलटलीं, मान डोलाविली आणि सही ठोकली. खोल्या सोडतांना कळलें कीं, रंगकामाचा सर्व खर्च अनामतींतून वजा करण्याचें कलम त्यांत होतें. निम्मी रक्कम गेली. घरमालकानें फसविलें असेंही म्हणतां येईना. आम्हांस आमच्या भिडेनें फसविलें होतें.

म्हणून पुतण्यास सांगितलें, रोज रात्रीं दोन पानें घेऊन बैस. जर्मन आम्हांस येत नाहीं. पण त्या भाषेंतील लांबलचक शब्द पाहून आमच्यांतील संस्कृत शिक्षक जागा झाला. 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' या शब्दानें मुलगा गांगरला होता. कोशाच्या साहाय्यानें विग्रह केला : वोनुंग म्हणजे राहतें घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे पुष्टि. एकूण, निवासदात्याचें प्रमाणपत्र! राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत तेथील कचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. त्या वेळीं घरमालकाचा हा दाखला लागतो.

पुढें 'काल्टमीटे' व 'वार्ममीटे', म्हणजे थंड भाडें व ऊन भाडें, असे शब्द आले. मुलें हंसूं लागलीं. परंतु सगळी मेख तेथेंच होती. थंड भाडें नुसत्या जागेचें. त्यांत पाणी, घर ऊन राखणें इत्यादि खर्च मिळविला कीं तें ऊन भाडें. या घराचें थंड भाडें ५५० युरो आणि ऊन भाडें ७००. तेथील कायद्याप्रमाणें अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागतां येत नाहीं, आणि तीही तीन समान मासिक हप्त्यांनीं देण्याचा भाडेकरूस हक्क आहे. मागितले होते २१००. हिशेबानें निघाले १६५०. पुतण्यानें विनयपूर्वक विचारणा केली. घरमालक रागावला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं आंकडा दुरुस्त करून त्यानें नवा कागद धाडिला.

फोनवरील भाषांतरानें कागदाचा सुमार कळतो, हें खरें. पण घर सोडण्याची तीन महिन्यांची सूचना सही केलेल्या कागदावरच द्यावी लागते, ई-मेल चालत नाहीं, अशा गोष्टी जाणत्यास विचाराव्या. जर्मनींत भाडेकरूंचे संघ आहेत; वर्गणी भरून सभासद होणाऱ्यास ते सल्ला देतात.

आपल्याकडेही कायदा याच विचाराचा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें, दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्यास समजत नसेल व ती जिल्ह्यांत प्रचलितही नसेल, तर बिनचूक भाषांतर व नक्कल जोडल्याखेरीज तो दस्त नोंदीत नाहीं. खुद्द सरकारचा अधिकारी न समजणारा कागद निःसंकोच परत करतो. मग आपण कां लाजावें? महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, हेंही आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

संकल्प करतांना देश, काल, आपलें नांव व हेतु उच्चारल्यावांचून आपण उदक सोडीत नाहीं. सहीचेंही तसेंच मानावें. बाहेरगांवीं शिकणाऱ्या मुलामुलींस घरांतील वडील मंडळींनीं एवढें अवश्य सांगावें कीं, कागद आधीं घरीं पाठवीत जा. आम्हांस ती भाषा येत नसली तरी पाठव. दुसऱ्यास समजावून सांगूं लागलें म्हणजे आपल्याला काय समजलेलें नाहीं, तें आपोआप उघडें पडतें.

पहिला हप्ता ५५० युरोंचा गेला. वहिनींची पावती पुन्हां कपाटांत गेली आहे.